एअर की लिक्विड? आधी तापमानाचा आलेख वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रोसेसर कोअर आय७-१३७००के, सगळे पी-कोअर (मोठे, वेगवान कोअर) ५.५ गिगाहर्ट्झवर, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) हाताने दिलेलं व्होल्टेज १.३५. सध्या एका टॉवरचा, १२० मिलिमीटरच्या एकाच पंख्याचा कूलर. सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) सुरू केलं की तापमान क्षणात ४० वरून ८५ अंशांवर जातं, मिनिटभरात १०० गाठतं आणि मग क्लॉक, म्हणजे वेग, पडायला लागतो. गेममध्ये मात्र ७०-७५च्या पुढे जात नाही. मशीन मुख्यतः गेमसाठी, अधूनमधून तासाभराचे व्हिडिओ एक्सपोर्ट. मित्र म्हणतात, ३६०चं लिक्विड (१२०च्या तीन पंख्यांचा रेडिएटर असलेला पाण्याचा कूलर) घे आणि मोकळा हो. ते घ्यावं, की दोन टॉवरचा मोठा एअर कूलर पुरेल?

उत्तर तुम्हीच दिलेल्या माहितीत आहे. बहुतेक लोक शेवटचा आकडा तेवढा सांगतात, '१०० जातंय'. तुम्ही तिथपर्यंत तापमान कसं चढलं तेही लिहिलंत, आणि खरं काम त्याचंच आहे.

लोड पडल्यावर तापमान दोन टप्प्यांत चढतं. पहिला टप्पा सेकंद-दोन सेकंदांचा. त्यात कूलरच्या पात्या, रेडिएटर, पंखे यांचा फारसा संबंध येत नाही, कारण उष्णता अजून तिथवर पोचलेलीच नसते. सिलिकॉनच्या चिपमधून वरच्या धातूच्या झाकणात, झाकणातून पेस्टमध्ये, पेस्टमधून कूलरच्या तळाशी, एवढ्या प्रवासात जो अडथळा आहे तो या उडीत दिसतो. दुसरा टप्पा हळूहळू चढण्याचा. आता पात्या तापत असतात, किंवा लिक्विड कूलर असेल तर आतलं पाणी तापत असतं. हा चढ एअर कूलरवर चार-पाच मिनिटांत थांबतो. लिक्विडवर दहा-पंधरा मिनिटंही लागतात, कारण पाणी तापायला वेळ घेतं.

तुमची पहिली उडीच ४५ अंशांची आहे. ३६० घ्या नाहीतर ४२० घ्या, ती थोडीफार कमी होईल, पण जाणार नाही. मोठा रेडिएटर दुसरा टप्पा कमी करतो. तुमच्याकडे तो ८५ ते १०० दिसतोय, पण ते खरं चित्र नाही. १००ला प्रोसेसर स्वतःच हात आखडता घेतो म्हणून आलेख तिथे सपाट झालाय. मोकळं सोडलं असतं तर आणखी चढला असता.

म्हणून मोजायचं तर वॅट बांधून मोजा. बायोसमध्ये पीएल१ आणि पीएल२ (सलग आणि थोड्या वेळापुरत्या विजेच्या मर्यादा) दोन्ही २०० वॅटवर ठेवा. लोड पडला की प्रोसेसर २००च्या वर जाणार नाही, त्यासाठी लागेल तेवढा क्लॉक तो आपणहून खाली आणेल. एचडब्ल्यूइन्फो या तापमान आणि वॅट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये नोंद दर अर्ध्या सेकंदाला घ्या, खोलीचं तापमान कागदावर लिहा, आणि सिनेबेंच पंधरा मिनिटं सलग चालवा. उडी किती, चढ किती हे वेगवेगळं लिहून ठेवा. उडी मोठी आणि चढ लहान असेल तर नवा कूलर घेऊन फार काही पदरात पडणार नाही. चढ मोठा असेल तर पडेल. कोणी कितीही परीक्षणं वाचून दाखवली तरी तुमच्या मशीनचं हे दोन आकड्यांचं टिपण त्या सगळ्यांपेक्षा जास्त कामाचं.

उडी मोठी का असते, याचं मूळ चिपच्या आकारात आहे. पूर्वी तेवढीच उष्णता मोठ्या चिपमधून पसरून यायची. आता ट्रान्झिस्टर दाटीवाटीने बसलेत आणि वॅट मात्र वाढलेत. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत आठ कोअरचा एक तुकडा जेमतेम ७० चौरस मिलिमीटरच्या आसपास आहे. रायझन ९ ७९५०एक्स असे दोन तुकडे आणि बाहेरच्या जोडण्या सांभाळणारा एक आयओ तुकडा मिळून २३० वॅटपर्यंत घेतो. एवढ्याशा जागेतून एवढी उष्णता बाहेर काढायची म्हणजे नरसाळ्याचं तोंडच अरुंद. खाली टाकी केवढीही मोठी ठेवली तरी धार तेवढीच पडणार. म्हणूनच ती मालिका पूर्ण लोडला ९५ अंशांवर जाऊन बसते आणि एएमडीने ती तशीच चालण्यासाठी बनवली आहे. चांगला कूलर लावला तर आकडा ९५च राहतो, फक्त क्लॉक थोडा वर जातो. हे माहीत नसलेले लोक एकामागून एक कूलर बदलत बसतात. ७८००एक्स३डीचा प्रकार आणखी वेगळा. त्यात कॅशेचा, म्हणजे जलद मेमरीचा, थर कोअरच्या डोक्यावर बसवलाय, त्यामुळे कमी वॅटमध्येही तापमान चढतं, आणि मर्यादा ८९ अंशांची. पुढच्या ९८००एक्स३डीमध्ये तो थर कोअरच्या खाली नेला आणि लगेच ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे मूळ वेगाच्या वर चालवण्याची, मुभाही आली. कूलर तोच, पण चिपची मांडणी बदलली की निकाल बदलतो.

आता तुमच्या १.३५ व्होल्टबद्दल, कारण सगळ्यात स्वस्त थंडावा तिथे आहे.

चिपची चालू कामातली वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वारंवारतेच्या प्रमाणात वाढते. समजा मूळच्या ५.३ गिगाहर्ट्झला १.२५ व्होल्ट लागत होते. तुम्ही ५.५ साठी १.३५ दिले. वारंवारता वाढली ३.८ टक्के. १.३५ भागिले १.२५, त्याचा वर्ग १.१७ च्या जवळ. दोन्ही गुणले की साधारण २१ टक्के जास्त वीज. म्हणजे जिथे २४० वॅट लागायचे तिथे २९०. (गळतीचा प्रवाह यात धरलेला नाही, तोही तापमानाबरोबर वाढतो.) पावणेचार टक्के वेगासाठी पन्नास वॅट! त्या पन्नास वॅटसाठी मग वेगळा कूलर, वेगळं कॅबिनेट, जास्त आवाज. गेममध्ये हा ३.८ टक्क्यांचा फरक बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डच्या मर्यादेखाली दबून जातो.

तेव्हा कूलरची खरेदी दोन दिवस पुढे ढकला आणि व्होल्टेज १.३५ वरून दहा-दहा मिलिव्होल्टने खाली आणा. मशीन अडखळलं की दोन पायऱ्या वर या. स्थिरता एकाच प्रोग्रामवर ठरवू नका. सिनेबेंच तासभर चालतं आणि वाय-क्रंचर या दुसऱ्या चाचणीत मशीन दोन मिनिटांत मान टाकतं, हे नेहमीचं आहे. ओसीसीटी ही स्थिरतेची चाचणी आणि तुमचा नेहमीचा व्हिडिओ एक्सपोर्ट, दोन्ही चालवून पाहा. प्राइम९५चा स्मॉल एफएफटी, म्हणजे अतिशय तापवणारा चाचणी-प्रकार, मी स्थिरतेसाठी वापरतो, पण त्यावरच्या तापमानावरून कूलर निवडत नाही. रोजच्या वापरात तसा लोड कधीच येत नाही. त्यासाठी कूलर घेणं म्हणजे आयुष्यात कधी न येणाऱ्या पाहुण्यासाठी खोली बांधणं, आणि असली बांधकामं मी बरीच पाहिली आहेत.

तुमच्या पिढीच्या प्रोसेसरबद्दल एक गोष्ट याच ठिकाणी सांगायला हवी. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या वरच्या मॉडेलांत अस्थिरतेची तक्रार होती, आणि २०२४मध्ये इंटेलने त्याचं कारण प्रमाणाबाहेर जाणारं व्होल्टेज असल्याचं सांगितलं. त्या वर्षी ऑगस्टपासून दुरुस्त मायक्रोकोड (बायोसबरोबर येणाऱ्या प्रोसेसरच्या अंतर्गत सूचना) आले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षं केली. आय७-१३७००के त्या यादीत आहे. बायोस जुनं असेल तर ओव्हरक्लॉकच्या आधी ते अद्ययावत करा. आणि कूलर कितीही चांगला असो, जास्त व्होल्टेजने होणारी झीज थंड ठेवल्याने कमी होते, थांबत नाही. 'तापमान ७५ आहे, मग व्होल्टेज वाढवायला काय हरकत' हे गणित चुकीचं आहे.

आता एअर आणि लिक्विडकडे वळू. 'लिक्विड' शब्द ऐकला की आत काहीतरी गारेगार फिरतंय असं वाटतं. तसं नसतं. दोन्ही प्रकार शेवटी उष्णता खोलीतल्या हवेलाच देतात, त्यामुळे खोलीच्या तापमानाखाली कोणीच जात नाही. खोली १० अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास १० अंशांनी वर जातो, मग कूलर कुठलाही असो. गंमत अशी की एअर कूलरमध्येही द्रव असतोच. तांब्याच्या हीटपाइपमध्ये थोडंसं पाणी निर्वात दाबाला बंद केलेलं असतं. गरम टोकाला त्याची वाफ होते, पात्यांच्या टोकाला ती पुन्हा पाणी होते, आणि आतल्या सच्छिद्र थरातून ते पाणी परत खाली येतं. पंप नाही, हलणारा भाग नाही. १९६३मध्ये लॉस अलामोसला जॉर्ज ग्रोव्हर यांनी हे तंत्र उभं केलं, आणि आजही हातभर अंतराच्या आत उष्णता हलवायला याहून साधा उपाय नाही.

मग लिक्विडचा फायदा कुठला? जागेचा. एअर कूलरला प्रोसेसरच्या डोक्यावर जेवढी जागा मिळेल तेवढ्यातच पात्या बसवाव्या लागतात. लिक्विडमध्ये नळ्यांतून उष्णता कॅबिनेटच्या कडेला नेता येते, आणि तिथे तीन पंख्यांचा रेडिएटर लावता येतो, तोही थेट बाहेरच्या हवेच्या तोंडाशी. लिक्विड जिंकतं ते या क्षेत्रफळावर. हे लक्षात आलं की १२०चा एका पंख्याचा लिक्विड कूलर कोणासाठी बनवतात हा प्रश्न पडतो. कॅबिनेट अगदी चिमुकलं असेल तर ठीक. एरवी चांगला टॉवर त्याला मागे टाकतो. २४०चीही तीच गत, बरोबरीच्या आवाजाला दोन टॉवरच्या कूलरपेक्षा फार पुढे नाही. क्षेत्रफळ काढून पाहा: २४०चं २८,८०० चौरस मिलिमीटर, २८०चं ३९,२००, ३६०चं ४३,२००. म्हणजे २८० हा ३६०च्या बराच जवळ आहे, २४०च्या नाही. कॅबिनेटमध्ये १४०चे पंखे बसत असतील तर २८०ला लोक उगाच दुर्लक्षित करतात.

दुसरा फायदा साठवणीचा. पाणी तापायला वेळ लागतो, त्यामुळे मिनिट-दोन मिनिटांचा लोड, म्हणजे कोड कंपाइल, फोटोंची एक तुकडी, हे पंखे न खवळता निघून जातं. पण यातच एक फसगतही आहे. दोन मिनिटांच्या चाचणीत लिक्विड आहे त्यापेक्षा भारी दिसतं. तुमच्या तासाभराच्या एक्सपोर्टला हा फायदा पहिल्या दहा मिनिटांतच संपतो. पुढची पन्नास मिनिटं फक्त रेडिएटर आणि पंख्यांची.

आवाजाबद्दल लोक सगळ्यात कमी विचार करतात, आणि महिन्याभराने तक्रार बहुधा त्याचीच असते. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणून मोठ्या रेडिएटरची खरी मजा त्याला हळू चालवण्यात आहे. तीन पंखे ९०० फेऱ्यांवर, हे मला एका पंख्याच्या १,८०० फेऱ्यांपेक्षा केव्हाही मान्य. पण पंपाचा आवाज वेगळ्या जातीचा असतो. पंख्याची सूं कान विसरतात. पंपाची बारीक गुणगुण रात्री शांत खोलीत नेमकी ऐकू येते, आणि मशीन नुसतं चालू असतानाही ती असतेच. मशीन झोपण्याच्या खोलीत असेल, तर फक्त एवढ्या कारणासाठी मी एअरकडे झुकतो.

एअर कूलरची बाजू कंटाळवाणी आहे, आणि तेच त्याचं मोठेपण. बिघडू शकणारी वस्तू एकच, पंखा. तो गेला तर कूलर तोच ठेवून दुसरा पंखा चिकटवता येतो, आणि तोवर मशीन मंदावून का होईना चालतं. शिवाय त्या पंख्याची थोडी हवा बोर्डावरच्या व्हीआरएमलाही, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागांनाही, लागते. ओव्हरक्लॉकमध्ये व्हीआरएम चांगलेच तापतात. लिक्विड लावल्यावर सॉकेटभोवतीची ही हवा बंद होते, हे कोणी सांगत नाही. लिक्विड घेतलंत तर मागचा पंखा काढू नका.

एअरची अडचण मापांची. नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा २०१४चा कूलर १६५ मिलिमीटर उंच आहे आणि दोन्ही पंख्यांसह १,३२० ग्रॅम भरतो. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई १५५ मिलिमीटरचा, म्हणून जास्त कॅबिनेटांत मावतो. सहा हीटपाइप आहेत आणि कामगिरीत मोठ्याच्या बराच जवळ जातो. कॅबिनेटच्या माहितीत कूलरची कमाल उंची दिलेली असते, ती वाचा. पुढचा पंखा रॅमवर येतो. रॅमला उंच सजावटीची टोपी असेल तर पंखा वर सरकवावा लागतो आणि मग एकूण उंची वाढते, आणि कॅबिनेटच्या बाजूची काच बसत नाही. खरेदीनंतर लक्षात येणारी ही सगळ्यात नेहमीची गोष्ट. आणखी एक: सव्वा किलोचं धूड बोर्डावर आडवं लटकत असतं. घरात काही होत नाही, पण घर बदलताना कॅबिनेट आडवं ठेवून न्या, नाहीतर कूलर काढूनच न्या.

लिक्विडच्या बाबतीत, रेडिएटर कुठे लावायचा यावर बरंच अवलंबून आहे. वर लावला तर तो आतली हवा बाहेर फेकतो. पण ती हवा आधी ग्राफिक्स कार्डने तापवलेली असते. कार्ड ३०० वॅटचं असेल तर गेममध्ये प्रोसेसरचं पाणी त्या गरम हवेवरच जगतं. समोर लावला तर प्रोसेसरला ताजी हवा, आणि कार्डला प्रोसेसरची शिळी. गेममध्ये प्रोसेसर शंभर-सव्वाशे वॅटच घेतो, कार्ड तिप्पट घेतं. म्हणून गेमिंग मशीनमध्ये मी रेडिएटर वर लावतो आणि समोरचे पंखे मोकळे ठेवतो. रेंडरच्या मशीनमध्ये उलट.

समोर लावायचा झाला तर नळ्या खालच्या बाजूला येतील असं बघा, आणि निदान रेडिएटरचा वरचा भाग पंपाहून उंच असू द्या. आत थोडी हवा असतेच, आणि काळाबरोबर वाढते, कारण रबरी नळ्यांतून पाणी सूक्ष्म प्रमाणात उडत राहतं. ही हवा सगळ्यात उंच जागी जमते. ती जागा पंपाची असेल तर मशीन सुरू केल्यावर खळखळ ऐकू येते, आणि हवेत फिरणारा पंप लवकर मरतो. एका ओळखीच्यांकडचं मशीन आठवतं. रेडिएटर कॅबिनेटच्या तळाशी आडवा ठेवलेला, दिसायला झकास. पंप सगळ्यात वर. सकाळी बटण दाबलं की आतून कोणी नळ सोडल्यासारखा आवाज यायचा आणि थोड्या वेळाने जायचा. तापमान ठीक होतं, म्हणून त्यांनी वर्षभर दुर्लक्ष केलं. मग आवाज जाईना, आणि नुसत्या ब्राउझरवर ९० अंश दिसायला लागले. कूलरचं आवरण उघडायची सोय नव्हती, अख्खा टाकून द्यावा लागला.

यावरून आयुष्याचा मुद्दा. बंद लिक्विड कूलर पाच-सात वर्षं चांगला जातो, आणि वॉरंटीही साधारण त्याच घरातली असते. नंतर पाणी कमी होतं, तांब्याचा तळ आणि अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर यांच्यामुळे गाळ धरतो, बारीक खाचा तुंबतात. गळती लोकांना वाटते तेवढी होत नाही. हळूहळू दम कमी होणं हेच नेहमीचं. दम कमी झाल्याचं आलेखात लगेच दिसतं. खाचा तुंबल्या की पहिली उडी वाढते. पाणी आटलं, रेडिएटर धुळीने भरला की चढ वाढतो. म्हणूनच नवा असताना २०० वॅटवरचं टिपण जपून ठेवा. टॉवर मात्र कितीही वर्षं तसाच राहतो, आणि सॉकेट बदललं तर बहुतेक चांगले निर्माते नवी पट्टी देतात.

लिक्विड लावल्यावर पंपाची वायर बोर्डावरच्या पंपाच्या जोडणीवर द्या आणि तो पूर्ण किंवा जवळपास पूर्ण वेगाने, एकसारखा चालू द्या. प्रोसेसरच्या तापमानावर पंप वर-खाली करू नका. पंख्यांचंही तेच. तापमान सेकंदात ४५ अंश उडतं, पण पाणी त्या वेळी हललेलंसुद्धा नसतं. मग पंखे उगाच ओरडतात, परत शांत होतात, परत ओरडतात. पाण्याचं तापमान मोजणारा कूलर असेल तर पंखे त्यावर बांधा. नसेल तर बायोसमध्ये पंख्यांना दहा-पंधरा सेकंदांचा विलंब द्या, अर्धी कटकट संपते.

स्वतः नळ्या-पंप जुळवून केलेल्या कस्टम लूपबद्दल विचारलेलं नाही, म्हणून एवढंच: तो छंद आहे, उपाय नाही. मजा येते, वेळ जातो, दर वर्षा-दोन वर्षांनी पाणी बदलायला लागतं. तुमच्या उडीवर त्याचाही इलाज फारसा नाही.

उडीवर इलाज आहे तो बसवणीचा. तुमच्या एलजीए१७०० सॉकेटची पकड प्रोसेसरला दोन बाजूंनी दाबते, त्यामुळे झाकण मध्ये किंचित वाकतं. कूलर काढून पेस्टचा ठसा बघा. मध्यावर जाड, करडा पट्टा आणि कडांना अगदी पातळ, जवळपास धातू दिसेल असा थर असेल, तर मध्ये टेकत नाहीये, आणि कोअर नेमके मध्येच असतात. त्यासाठी पकडीऐवजी बसणारी कॉन्टॅक्ट फ्रेम मिळते. काही अंशांचा फरक पडतो, कधी चांगला पाच-सात अंशांचाही. सॉकेटमध्ये बदल केला की वॉरंटीचा प्रश्न येऊ शकतो, ते तुमचं तुम्ही ठरवा. फ्रेमचे स्क्रू हलकेच, तिरप्या क्रमाने आवळा. जास्त आवळले तर रॅमची एखादी पट्टी दिसेनाशी होते. पेस्ट कुठल्याही नावाजलेल्या निर्मात्याची घ्या, तीत दोन-तीन अंशांपलीकडे फरक नाही. पुन्हा पुन्हा काढ-घाल करायची नसेल तर पीटीएम७९५० हा फेज-चेंज पापुद्रा बरा. तो गरम झाल्यावर मऊ होऊन पसरतो आणि पेस्टसारखा कडेला सरकत नाही. गॅलियमच्या द्रवधातूच्या नादी लागू नका. अ‍ॅल्युमिनियमला तो खातो आणि बोर्डावर एक थेंब सांडला तर बोर्ड गेला.

आणखी एक तपासणी, फुकटातली. २०० वॅटची तीच चाचणी कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून करा. पाच-सहा अंशांहून जास्त उतरलं तर दोष कूलरचा नाही, कॅबिनेटचा. समोर काच आणि हवेला बोटभर फट असलेल्या डब्यात ३६० घातला तरी तो गुदमरतोच.

वॅटचे ढोबळ आकडे द्यायचे तर, सलग लोडला १८०-२०० वॅटपर्यंत दोन टॉवरचा एअर कूलर निवांत चालतो, आणि मी दुसरं काही सुचवत नाही. २५०च्या वर सलग, अर्धा तास आणि पुढे, असं रोजचं काम असेल तर ३६० घ्या, उगाच एअरचा हट्ट नको. मधल्या पट्ट्यात कॅबिनेट आणि तुमचे कान ठरवतील.

तुमच्या बाबतीत: गेममध्ये ७०-७५ म्हणजे तिथे काही अडलेलंच नाही. सध्याचा एका पंख्याचा टॉवर मात्र या प्रोसेसरला लहान आहे, तो बदला. ५.४ गिगाहर्ट्झवर या, व्होल्टेज जेवढं खाली जाईल तेवढं न्या. बहुतेक चिपला तिथे १.३०च्या खाली जागा असते. तुमची नसेल तर ५.३वर थांबायला कमीपणा मानू नका. एक्सपोर्टसाठी पीएल१ आणि पीएल२ २२० वॅटवर बांधा. पूर्ण मोकळं सोडल्याच्या मानाने तासाभराच्या कामात काही मिनिटं जास्त लागतील. मग १५५ मिलिमीटरचा दोन टॉवरचा कूलर घ्या, ठसा बघून गरज असेल तर फ्रेम लावा, आणि तीच २०० वॅटची चाचणी पुन्हा करा. चढ आधीच्या निम्म्याच्या आसपास यायला हवा. तो तसा आला पण उडी अजून चाळिसाच्या वर राहिली, तर कूलर परत देऊन लिक्विड मागवू नका. कूलर उचलून पुन्हा बसवा, चारही स्क्रू समान फेऱ्यांनी. एक्सपोर्ट रोजचे झाले, तासाचे तीन तास झाले, आणि २५०हून जास्त वॅट सोडायचेच असतील, तर तेव्हा ३६० घ्या, वरच्या बाजूला लावा. त्याआधी कॅबिनेटच्या छतापासून बोर्डाच्या व्हीआरएमच्या झाकणापर्यंत किती जागा आहे ते पट्टीने मोजा. आर्क्टिकच्या लिक्विड फ्रीझर ३सारख्या कूलरचा रेडिएटर ३८ मिलिमीटर जाड आहे, वर पंख्यांचे २५ धरले की ६३ होतात, आणि पुष्कळ कॅबिनेटांत तेवढी जागा नसते.